गोळी मीच बंद केली, हे डॉक्टरांना कसं सांगू?

प्रश्न

वाचक ३८ वर्षांच्या आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांना ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे ऑटोइम्यून प्रकारचा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते असा) संधिवात असल्याचं निदान झालं. दर शनिवारी रात्री १५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट या औषधाची गोळी आणि आठवड्याच्या मध्ये फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व, असे उपचार चालू होते. दहा महिन्यांपूर्वी त्या योगवर्गाला जाऊ लागल्या. झोप सुधारली, सकाळचा ताठरपणा कमी झाला, हाताला जोर आला. वर्गाच्या ताई म्हणाल्या, "प्रतिकारशक्ती वाढली की हा रोग मुळापासून जातो, गोळ्यांनी तो फक्त दबतो." डॉक्टरांना योगाबद्दल विचारलं तर संगणकावरची नजर न काढता ते म्हणाले, "करा हवं तर." नऊ आठवड्यांपूर्वी वाचकांनी कोणालाही न सांगता गोळी बंद केली. पाच आठवडे छान गेले. वर्गात ताईंनी त्यांना उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. त्यानंतर मात्र मनगटं आणि बोटांची पेरं सुजू लागली. आता सकाळी कुर्त्याची बटणं लागत नाहीत, बाटलीचं झाकण उघडत नाही. साधना कमी पडते आहे असं वाटून त्या पहाटे पाचला उठून २४ सूर्यनमस्कार घालू लागल्या आहेत. आठ दिवसांनी डॉक्टरांची भेट आहे. त्या विचारतात: माझं योगात काय चुकलं? डॉक्टरांना सांगू का? की योगच सोडून देऊ?

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा प्रश्न वाचले, दुसऱ्यांदा तारखा. उत्तर मला तारखांमध्ये सापडलं.

पण त्याआधी एक काम. आठ दिवसांनी भेट आहे म्हणून तोवर थांबू नका, उद्याच दवाखान्यात फोन करा. "मी नऊ आठवडे मेथोट्रेक्सेट घेतलेलं नाही, चार आठवड्यांपासून सांधे सुजलेत, काय करू?" एवढंच बोलायचं. घाबरून आज रात्री स्वतःच गोळी सुरू करू नका, आणि राहिलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून दोन तर अजिबात नकोत. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेल्यामुळे जिवावर बेतल्याची उदाहरणं आहेत. इतक्या मोठ्या खंडानंतर डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगतील, किंवा मात्रा बदलतील. तो निर्णय त्यांना घेऊ द्या.

आता तारखा. मेथोट्रेक्सेटचा गुण यायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. निदान झालं तेव्हाचे दिवस आठवा. पहिला महिना तुम्हाला काहीच फरक वाटला नसणार. जे औषध इतकं सावकाश चढतं, ते उतरतंही सावकाश. बटण बंद केल्यावर पंखा लगेच थांबत नाही, आणि तुम्ही सगळ्यांनी फिरत्या पंख्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. ते पाच चांगले आठवडे बरेचसे आधीच्या शनिवारांचे होते. सहाव्या आठवड्यात पंखा मंदावला, आणि तुम्ही त्याचा दोष सूर्यनमस्कारांच्या संख्येत शोधू लागलात.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: योगात तुमचं काही चुकलं नाही. योगाकडून मागितलं ते चुकलं.

तुमच्या पत्रात एक गृहीतक सगळीकडे पसरलेलं आहे: दुखणं कमी म्हणजे आजार कमी. ते अगदी स्वाभाविक आहे, कारण आजाराशी आपली ओळखच दुखण्यातून होते. पण या आजारात दुखणं आणि सूज या दोन वेगळ्या वाटांनी चालतात. झोप नीट लागली, स्नायूंना बळ आलं, हालचालीची भीती गेली, की तीच सूज कमी दुखते. योगाने तुम्हाला हे दिलं, आणि ही काही थोडकी गोष्ट नाही. मात्र सांध्याच्या अस्तरात धुमसणारी सूज कूर्चा आणि हाडाची कड कुरतडत राहते, तेव्हा ती दरवेळी ओरडून सांगत नाही. बरं वाटणाऱ्या काही रुग्णांच्या सांध्यांतही सोनोग्राफीत सूज दिसते. म्हणून डॉक्टर दुखणं विचारतात, सांधे दाबून मोजतात, आणि वर ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्याही बघतात. झालेली झीज मागे फिरत नाही. औषध बंद करण्यासाठी "मला बरं वाटतंय" एवढंच कारण अपुरं पडतं ते यामुळे.

मग योगाचा सुजेवर काहीच परिणाम होत नाही का? होतो असं दिसतं. २०१९ साली दिल्लीच्या एम्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आजार सक्रिय असलेले ७२ रुग्ण, दोन गट, आठ आठवडे. योग करणाऱ्या गटात रक्तातल्या सुजेच्या खुणाही उतरल्या आणि नैराश्यही. असे अभ्यास योगवर्गांत उत्साहाने सांगितले जातात, आणि सांगावेतच. फक्त सांगताना एक गोष्ट गळून पडते: त्या रुग्णांची नेहमीची औषधं चालू होती. तिथे तपासलं होतं ते औषधाच्या जोडीचा योग. औषधाऐवजी योग हा प्रश्न तिथे विचारलेलाच नव्हता.

तुमच्या ताईंचं "प्रतिकारशक्ती वाढली की रोग जातो" हे वाक्यही जरा उलटून बघू. तुमच्या आजारात प्रतिकारशक्ती कमी नाही. ती भलत्या दिशेला लागली आहे, घरच्याच माणसांवर धावून जाते आहे. अशा राखणदाराला आणखी बळ देऊन काय होणार? त्याला आवरायचं असतं, आणि मेथोट्रेक्सेट तेच करतं. "गोळ्यांनी फक्त दबतो" हे ताई म्हणतात ते एका अर्थी खरंच आहे. हा आजार दबलेला राहणं यालाच यश म्हणतात. हे औषध मिळू लागण्याआधी याच आजाराने बोटं वाकडी होऊन बसलेली माणसं सर्रास दिसायची. अमेरिकेत या संधिवातासाठी त्याला १९८८ साली मान्यता मिळाली, म्हणजे तुमचा आजार "फक्त दबवता" येऊ लागला त्याला फार काळ लोटलेला नाही.

आणि वर्गात कोणी प्रतिकारशक्तीसाठी एखादी पावडर किंवा काढा दिला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत, त्यांत ऑटोइम्यून आजार असलेली माणसंही होती. मेथोट्रेक्सेटमुळे तुमच्या यकृतावर आधीच लक्ष ठेवावं लागतं. तिथे दुसरा पाहुणा नको.

आता ती ओळ, जी तुम्ही पत्रात कंसात टाकली आहे: "शनिवारी गोळी घेतली की रविवार मळमळण्यात जातो, मुलं कुठे चला म्हणाली की मी नाहीच म्हणते." मला वाटतं, गोळी बंद करण्याचं खरं कारण या कंसात आहे. ताईंच्या बोलण्याने फक्त परवानगी मिळाली. तीन वर्षांचे रविवार म्हणजे जवळजवळ दीडशे दिवस झाले हो. कोणालाही वैताग येईल.

पण हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत का? पत्रावरून तरी वाटत नाही. आणि या त्रासावर उपाय आहेत. फॉलिक ॲसिडची मात्रा बदलता येते. त्याच दिवसाची मात्रा दोन भागांत घेता येते. गोळीऐवजी त्वचेखाली घ्यायचं इंजेक्शन असतं, त्याने पोटाचा त्रास बऱ्याच जणांना कमी होतो. तरीही जमलं नाही तर दुसरी औषधं आहेत. यातलं काहीही स्वतःच्या मनाने करायचं नाही, पण मागायचं मात्र नक्की. "औषध सहन होत नाही" आणि "औषध नको" यांत बराच फरक आहे, आणि पहिलं न बोलल्यामुळे तुम्ही दुसऱ्यावर जाऊन पोचलात.

डॉक्टरांना सांगावं का, हा तुमचा दुसरा प्रश्न. समजा सांगितलं नाही. भेटीत ते सुजलेली मनगटं बघतील, वाढलेला सीआरपी बघतील, आणि त्यांच्या कागदावर तर तुम्ही दर शनिवारी गोळी घेताय. त्यावरून त्यांनी काय समजायचं? मेथोट्रेक्सेट पुरेसं पडत नाही. मग ते मात्रा वाढवतील, किंवा वरचं, जास्त महाग आणि जास्त देखरेखीचं औषध जोडतील. जे औषध तुम्ही घेतलंच नाही, ते नापास ठरेल. तुमच्या लपवण्याची किंमत तुमचंच शरीर मोजेल, डॉक्टरांचं काही जाणार नाही.

ते रागावतील का? कदाचित. पण त्यांच्यासमोर आपण होऊन गोळ्या थांबवणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. दीर्घ आजारात ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की चांगले डॉक्टर "काही गोळ्या राहिल्या का?" हे विचारतातच. तुमच्या डॉक्टरांचंही थोडं चुकलं, हे मी लिहिणार आहे. "करा हवं तर" हे काही उत्तर झालं नाही. कोणती आसनं टाळायची, किती करायचं, गोळी का थांबवायची नाही, ही तीन वाक्यं त्यांनी तेव्हा बोलली असती तर ती जागा रिकामी राहिली नसती. रिकाम्या जागेत ताईंचं बोलणं जाऊन बसलं. या भेटीत तुम्हीच कागदावर प्रश्न लिहून न्या: माझ्या मानेचा एक्स-रे लागेल का (मानेचं का, ते पुढे सांगते)? कोणत्या सांध्यावर भार नको? आणि पुढे कधी मात्रा कमी होऊ शकते का?

शेवटचा प्रश्न मुद्दाम घातला आहे. गोळी कायमचीच, या विचाराने माणूस खचतो. खरं तर आजार किमान सहा महिने पूर्ण आटोक्यात राहिला, स्टेरॉइड चालू असेल तर ते बंद झालेलं असलं, की मात्रा हळूहळू उतरवण्याचा विचार तज्ज्ञ करतात. काहींना ते जमतं, काहींचा आजार पुन्हा उचल खातो आणि मात्रा परत चढवावी लागते. म्हणजे तुम्हाला जे हवं होतं ते मागणं मुळात गैर नाहीच. ते तपासण्या करत, पायरी पायरीने उतरायचं असतं. तुम्ही गच्चीवरून उडी मारलीत. (आणि तुमच्या जागी कोणी स्टेरॉइडवर असेल, तर त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं: बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद करणं जिवाला धोक्याचं असतं. शरीराने स्वतःचं तसं संप्रेरक बनवणं तोवर थांबवलेलं असतं.)

राहिला योग. सोडू नका. पण सध्या जे करताय ते मात्र आजच थांबवा.

पहाटे पाचला उठून सुजलेल्या मनगटांवर २४ सूर्यनमस्कार, हे वाचताना माझीच मनगटं दुखली. एका सूर्यनमस्कारात तळहात जमिनीला टेकतात तेव्हापासून शेवटी उचलेपर्यंत शरीराचा मोठा भार दुमडलेल्या मनगटावर असतो. तो सांधा आधीच सुजलेला, गरम. त्यात वेळ पहाटेची. या आजारात सूज वाढवणारी रसायनं रात्री उशिरा आणि पहाटेच सर्वांत जास्त असतात, सकाळचा ताठरपणा येतो तो त्यामुळेच. ब्राह्ममुहूर्ताचा आग्रह निरोग्यांसाठी ठेवू. तुम्ही गरम पाण्याने अंघोळ करून, हात मोकळे झाल्यावर, नाहीतर सरळ संध्याकाळी करा.

सूज असेपर्यंत योग म्हणजे एवढंच: पाठीवर झोपून गुडघ्याखाली उशी, सावकाश श्वास, योगनिद्रा. दिवसातून एक-दोनदा प्रत्येक सांधा जिथवर सहज जातो तिथवर न्यायचा आणि परत आणायचा, ताण द्यायचा नाही. मूठ मिटायची, उघडायची, अंगठा एकेका बोटाला लावायचा. गुडघे सुजले असतील तर वज्रासन नको. "याला काय योग म्हणायचा" असं मनात येईल. म्हणायचा. वर्गातल्या बाकीच्यांना हात डोक्यावर नेणं जेवढं सोपं आहे, तेवढंच तुम्हाला या दिवसांत मूठ मिटणं अवघड आहे.

सूज उतरल्यावर हळूहळू वाढवा. भार मनगटावर द्यायची वेळ आली की भिंतीला हात लावा, किंवा कोपरापासून पुढचा हात टेका. सूर्यनमस्कार खुर्चीचा आधार घेऊन घालता येतात. आणि एक मोजमाप लक्षात ठेवा, सांधेदुखीच्या व्यायामात ते नेहमी वापरतात: व्यायामानंतर दोन तासांनी सांधा आधीपेक्षा जास्त दुखत असेल, तर आज जास्त झालं, उद्या कमी करायचं. २४ हा आकडा कोणी ठरवला मला माहीत नाही, तुमच्या मनगटाने तर नक्कीच नाही.

मानेबद्दल मात्र मी जरा कडकच बोलणार आहे. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन, मान मागे टाकणारं मत्स्यासन, हे सगळं डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नको. या संधिवातात मानेच्या सर्वांत वरच्या दोन मणक्यांमधला जोड सैल होऊ शकतो, आणि तिथून मज्जारज्जू जातो. त्याची खूण दरवेळी दुखण्यातून मिळतेच असं नाही. वर्गात "तुम्हाला जमेल, घाबरू नका" असं कोणी प्रेमाने म्हणालं तरी नाही म्हणायचं.

दुसरा ऑटोइम्यून आजार असलेले वाचकही हे वाचत असतील. हे आजार ८० च्या वर आहेत, आणि एकाचा योग दुसऱ्याला चालत नाही. ल्युपस (त्वचेसह अनेक अवयवांवर होणारा आजार) असेल तर उघड्यावर, उन्हात सूर्यनमस्कार घालू नका, उन्हाने आजार भडकतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारात शरीर तापलं की लक्षणं तात्पुरती वाढतात, तेव्हा गरम खोलीतले वर्ग टाळा, थंड हवेत करा. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस या पाठीच्या कण्याच्या संधिवातात गोष्ट उलटी: तिथे विश्रांतीने पाठ आखडते आणि हालचालीने मोकळी होते, पाठ मागे नेणारी हलकी आसनं उपयोगी पडतात, पण मणके जुळून आले असतील तर झटका किंवा पीळ नको. आणि स्टेरॉइडमुळे ज्यांची हाडं विरळ झाली आहेत त्यांनी कमरेतून खोल पुढे वाकणारी आसनं टाळावीत, मणका दबून मोडू शकतो.

२०१५ साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी संधिवाताच्या ७५ जणांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याला दोन वर्ग आणि घरी एकदा सराव, असे आठ आठवडे. चालण्याची क्षमता वाढली, मन सुधारलं, आणि बराचसा फायदा नऊ महिन्यांनंतरही टिकून होता. मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. शिकवणाऱ्यांना सांध्यांप्रमाणे आसन बदलून देण्याचं खास प्रशिक्षण होतं. तुम्हाला असा शिक्षक हवा, जो आसनापेक्षा तुमच्या मनगटाकडे जास्त बघेल.

तुमच्या ताई तशा होऊ शकतात का? मला वाटतं, एक संधी द्या. त्यांनी दहा महिन्यांत तुमची झोप परत आणली, ते खरं आहे. त्यांना वर्गानंतर एकटीने भेटून सांगा, "ताई, गोळी बंद केल्यावर आजार परत आला. मी गोळी घेणार आहे आणि इथेही येणार आहे. मला सोसेल असं शिकवाल का?" त्या "हो" म्हणाल्या तर खुर्ची घेऊन मागच्या रांगेत बसा. "तुमची श्रद्धा कमी पडली" म्हणाल्या तर दुसरा वर्ग बघा. वर्गात टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी आणखी कोणी तुमच्यामुळे गोळी थांबवली असेल, हीही शक्यता आहे. म्हणून ताईंना हे कळायलाच हवं.

तुम्ही लिहिलंय, गोळी घेताना हरल्यासारखं वाटतं. माझी रक्तदाबाची गोळी सुरू झाली तेव्हा सहा महिने मी ती पाकिटातून काढून बडीशेपेच्या डबीत ठेवत होते, कोणी बघू नये म्हणून. एकदा एका पाहुण्यांनी ती बडीशेप समजून उचलली, तेव्हा डबीही गेली आणि लपवाछपवीही. तेव्हा तुम्हाला शहाणपण शिकवण्याचा अधिकार मला फारसा नाही. पण कोणालाही न सांगता आजार सांभाळणं हे त्या आजारापेक्षा जड होतं, हे मी बघितलं आहे.

तुमच्या नवऱ्यालाही यातलं काही माहीत नाही, असं पत्रात आहे. उद्या सकाळी कुर्त्याची बटणं लागली नाहीत तर झगडत बसू नका. त्यांच्यासमोर उभ्या राहा आणि लावून द्यायला सांगा. ते बटणं लावत असतील तेव्हाच नऊ आठवड्यांचं सांगून टाका, आणि दवाखान्याचा नंबर त्यांनाच लावायला सांगा.